राजीखुशीने

चिंचवड,
१२ मार्च १९५६

भाऊजी,

मायना काय घालावा ते सुचेना, म्हणून नुसतं भाऊजी लिहिलं. तुम्ही मला पाहिलेलं नाही, मीही तुम्हाला नाही. लग्नाला तुम्ही आला नाहीत. आला असतात तर कळलं असतं, की तुमच्या धाकट्या भावाने कुणी भलतीसलती केलेली नाही. पिंपळे सौदागरच्या खाऊनपिऊन सुखी घरातली, चौथी पास झालेली मुलगी केली आहे. माझं नाव शालन. अक्षर माझंच आहे, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. ह्यांचं नाव एकदाच लिहिते, ज्योतीराम. यापुढे नुसतं 'हे' लिहीन, तुम्ही समजून घ्या.

वाटणीवरून तुमचं दोघा भावांचं काय फाटलं ते मी कधी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. काम अडलं म्हणून लिहिते आहे. उगाच प्रेम उतू चाललंय म्हणून नाही.

ह्यांना क्षय झाला आहे. झालं, लिहिलं एकदाचं. इथल्या कारखान्यात ओतकामाच्या खात्यात होते, भट्टीपाशी. आधी नुसता खोकला होता. मग धोतराच्या सोग्याला रक्त दिसलं. आता नदीपलीकडच्या सरकारी क्षयाच्या दवाखान्यात आहेत. सुया झाल्या, गोळ्या झाल्या, तोंड वाकडं होईल अशा कडू पुड्या झाल्या. उजवं फुप्फुस सुधारलं, पण डाव्यातला खड्डा काही बुजत नाही. मोठे डॉक्टर म्हणतात, त्या बाजूच्या बरगड्या काढायच्या, म्हणजे फुप्फुस दबतं आणि खड्डा बंद होतो. माणसं वाचतात म्हणाले. सगळी नाही, पण बरीच.

आणि हे नाही म्हणतात!

ह्यांच्या खात्यातले सोपानराव म्हणून होते, त्यांचं हेच ऑपरेशन मागच्या साली झालं. वाचले. पण एक खांदा खाली आला आणि हात वर जाईना. कारखान्याने आधी बरे झालात म्हणून कामावर बोलावलं, मग हात बघून घरी पाठवलं. आता बाजारच्या दिवशी भाजी विकतात. मी म्हणते, वाचले ना पण? तर हे म्हणतात, "कोण वाचलं? मला तर त्यात सोपान कुठं दिसंना." असं बोलणाऱ्या माणसाशी डोकं कुठे आपटावं ते सांगा.

आमची चूल सरकारच्या आजारपणाच्या भत्त्यावर चालते. कारखान्याचे कारकून लक्ष्मणराव परवा येऊन नियम सांगून गेले. भत्ता घेणाऱ्याने डॉक्टर सांगतील तो उपचार घेतलाच पाहिजे. नाही म्हटलं, तर भत्ता बंद. माणूस वाईट नाही, पण नियम सांगताना तो भिंतीकडे बघतो.

तुम्ही थोरले. तुमच्या हातची चार ओळींची आज्ञा आली तर हे मोडणार नाहीत असं मला वाटतं. रागावून लिहा, शिव्या घाला, पण लिहा. आमच्या इंदूचा तिच्या न पाहिलेल्या काकांना नमस्कार.

शालन


चिंचवड,
९ एप्रिल १९५६

भाऊजी,

तुमचं कार्ड पोचलं. "त्याने माझं कधी ऐकलं? त्याचं अंग, त्याचा जीव, त्याचं तो बघेल." एवढंच! बरं केलंत. निदान शाई तरी वाचली.

मी रागारागाने ते कार्ड दवाखान्यात नेऊन ह्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, बघा तुमचे थोरले. तर हे हसायला लागले. हसता हसता खोकल्याची अशी उबळ आली की नर्सबाई धावत आल्या. दम परत आल्यावर म्हणाले, "शालन, आगं जन्मात पहिल्यांदा दादा माझ्या बाजूनं बोलायलाय की." तुमचं कार्ड त्यांनी उशीखाली ठेवलं आहे. तुम्हाला हे कळावं असं वाटलं, म्हणून लिहिलं. नाहीतर आज मी तुम्हाला पत्र लिहिणार नव्हते.

भत्ता बंद झाला. खाट अजून आहे, कारण नाव कारखान्याच्या पटावर आहे आणि डॉक्टर दयाळू आहेत. त्यांनी ह्यांना समोर बसवून समजावलं. मीही होते. म्हणाले, "हे बघा, नाही म्हणायला तुम्ही मोकळे आहात. टेबलावर बांधून कुणी कापणार नाही तुम्हाला. पण ज्याला बरंच व्हायचं नाही, त्याला सरकारने किती दिवस पोसायचं? बाहेर व्हरांड्यात या खाटेची वाट बघत माणसं बसलीत."

ह्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, भत्ता मी आजारी हाय म्हणून मिळत होता, का तुमचं ऐकत होतो म्हणून?"

डॉक्टर म्हणाले, "दोन्हीमुळे."

"मग आजाराचा तेवढा द्या की. ऐकण्याचा कापून घ्या."

डॉक्टरांना हसू आलं. मला नाही आलं. मला तिथल्या तिथे भिंतीवर डोकं फोडून घ्यावंसं वाटलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मात्र टकामका बघत होता, जणू ह्यांनी कुणाचं तरी मोठं देणं फेडलं.

डॉक्टर गेल्यावर मी खूप बोलले. बायको म्हणून जे जे बोलता येतं ते सगळं बोलले, आणि जे बोलू नये तेही. हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मला भ्या वाटतंय शालन. दुसरं काहीच कारण न्हाई. भ्यायला बी सरकारची परवानगी लागती का?"

भाऊजी, मी त्यांना जवळ घ्यायला हवं होतं. क्षयाच्या दवाखान्यात जवळ घेऊ देत नाहीत हे खरं, पण मला सुचलंच नाही हेही खरं. मी म्हणाले, तुमच्या भीतीने इंदूच्या ताटात भाकरी पडत नाही.

आता मी इथल्या बंगल्यांवर भांडी घासते. इंदूला पिंपळ्याला आईकडे ठेवली आहे. आईचं नाव गोजाबाई, इंदूसाठी काही पाठवायचं असलं तर त्या नावाने पाठवा. नाही पाठवलंत तरी चालेल.

शालन


चिंचवड,
४ मे १९५६

भाऊजी,

हे हो म्हणाले.

मीच म्हणवून घेतलं. मुलांना दवाखान्याच्या आवारात येऊ देत नाहीत. मी इंदूला घेऊन मागच्या तारेच्या कुंपणापाशी गेले. तिथून ह्यांची खिडकी दिसते. हे खिडकीशी आले, आणि मी इंदूला म्हटलं, म्हण, बाबा, हो म्हणा. पोर शहाणी आहे, सांगितलं की सांगितलं. तिने हात तोंडाशी धरून मोठ्याने आरोळी दिली, बाबा, हो म्हणा! पुन्हा पुन्हा. तिला तो खेळच वाटला. ह्यांनी आधी हात हलवला. मग खिडकीपासून आत वळले. नर्सबाईंनी नंतर सांगितलं, चादर डोक्यावरून घेऊन पडून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मणराव आले तेव्हा ह्यांनी आपणहून कागद मागितला. एका बैठकीत लिहून, सही करून त्यांच्या हातात दिला. लक्ष्मणरावांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "ज्योतीराम, शहाणपणा केलास. तुझीही सुटका आणि आमचीही." मी संध्याकाळी गेले तर हे म्हणाले, "झालं तुझ्या मनासारखं. दिलं लिहून." आणि मग इंदूने त्या दिवशी कोणता झगा घातला होता ते विचारत बसले. खिडकीतून रंग नीट कळला नव्हता त्यांना.

आता तारीख मिळेल. भत्ताही सुरू होईल. मी जिंकले, भाऊजी. गोड काहीतरी करावं म्हणून गूळ आणला होता. तो तसाच फडताळात आहे. असं का व्हावं कळत नाही. माणूस मरणातून ओढून काढायचा तर त्याचा हात पिरगळला जाणारच, असं मी स्वतःला समजावते आहे.

शालन


चिंचवड,
२२ मे १९५६

भाऊजी,

हे पत्र बसून वाचा.

काल कारखान्याच्या खिडकीवर भत्त्याचं विचारायला गेले. आतला माणूस वही चाळून म्हणाला, "ज्योतीरामचं नाव कमी झालंय, बाई." मी म्हटलं, कमी कसलं, परवा तर ऑपरेशनला हो म्हणालेत. तो म्हणाला, "ऑपरेशनचं मला ठाऊक नाही. त्याने राजीनामा दिलाय. मंजूरही झाला." वर म्हणाला, महिनाअखेर कारखान्याच्या चाळीतली खोली मोकळी करा.

दवाखान्यापर्यंत मी कशी गेले मला आठवत नाही. चाललेही असेन, धावलेही असेन. ह्यांच्या खाटेपाशी जाऊन ओरडले. म्हटलं, दगाबाज! मला हो म्हणता आणि पाठीमागे राजीनामा देता?

हे माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "आगं, तूच म्हणालीस ना? दिला की राजीनामा. तुझ्यासाठीच दिला."

"माझ्यासाठी? नोकरी सोडलीत ती माझ्यासाठी?"

"नोकरी कोण सोडलं?"

आम्ही दोघं किती वेळ असे बोलत होतो देव जाणे. मी एक म्हणतेय, हे दुसरंच. शेजारचा म्हाताराच शेवटी म्हणाला, "बाई, तुमी दोघं येगयेगळं बोलताय. कागद मागवा."

आज कागद बघितला. लक्ष्मणरावांनी आणून दाखवला. लिहिलंय ते असं: "मी खाली सही करणार ज्योतीराम, ओतकाम खाते, राजीखुशीने राजीनामा लिहून देतो. कुणाची तक्रार नाही. सरकारांनी पुढील तजवीज लवकर करावी."

तुम्हाला हे वाचून काहीच वावगं वाटणार नाही. तुम्ही म्हणाल, बरोबरच तर लिहिलंय! तुम्ही दोघंही निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. राजी झाल्याचा कागद तो तुमचा राजीनामा. नोकरी सोडायची तर तुम्ही इस्तिफा देता. आमच्या इकडे, भाऊजी, नोकरी सोडल्याच्या कागदालाच राजीनामा म्हणतात. लहान पोरालाही ठाऊक आहे. ह्यांना ठाऊक नव्हतं. ओतकाम करणाऱ्याला कोण राजीनामा मागतो? ह्यांनी जन्मात एकच राजीनामा पाहिला होता, कळंबच्या कोर्टात तुमची दोघांची वाटणी मिटली तेव्हाचा. त्यावर तुम्हा दोघांच्या सह्या होत्या म्हणे. "भांडण मिटवायचा कागद तोच," असं हे मला सांगत होते. ह्यांना वाटलं, सरकारशी चाललेलं भांडण मिटवायचं, तर तसाच लिहावा.

इतकी वर्षं एका ताटात जेवले मी ह्यांच्या. "लेकरू" म्हणाले की मी चिडवायचे, "करायलाय, बोलायलाय" म्हणाले की नक्कल करायचे. बोलणं वेगळं म्हणून हसायचे. पण हा एक शब्द कधी आमच्यामध्ये आलाच नाही. येणार कसा? संसारात राजीनामा कुठे लागतो!

लक्ष्मणरावांचा चेहरा बघवत नव्हता. पण खरं सांगू, त्यांनाही तो कागद घेताना संशय आला नाही, कारण त्यांना तेच हवं होतं. आजारी माणूस आपल्या पायाने गेला, फाईल मिटली. मलाही त्या दिवशी संशय आला नाही. मला जे हवं होतं ते मी ऐकलं.

शालन


चिंचवड,
१४ जून १९५६

भाऊजी,

कारखान्याच्या मोठ्या साहेबांपुढे जाऊन सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग माझ्याकडे बघून थांबले. म्हणाले, चूक झाली असेल तर सुधारू. ज्योतीरामने नवा कागद द्यावा, की राजीनामा मागे घेतो आणि शस्त्रक्रियेला संमती देतो. मग नाव पटावर येईल, भत्ता चालू होईल, सगळं पहिल्यासारखं. तोवर चाळीतल्या खोलीतच राहा म्हणाले. मी त्यांच्या पाया पडले. पडायला नको होतं, पण पडले.

हे लिहीत नाहीत.

मी पाठ करून गेले होते, शब्दाला शब्द. ह्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "राजीनामा मागं घेतो म्हणून लिहू? म्हणजे राजी न्हाई असं? बघ, आता सरकारच सांगायलंय मला तसं लिहायला." मी म्हटलं, थट्टा करू नका, जीव जायची वेळ आहे. तेव्हा हे उठून बसले. म्हणाले, "थट्टा न्हाई. एकदा हो म्हणालो मी. ते म्हणायला काय लागलं ते माझं मला ठाव. तू पोरीला कुंपणाशी उभी केलीस, मी म्हणालो. कुणाला ऐकूच गेलं न्हाई ते. आता पुन्हा माझ्यानं व्हायचं न्हाई. मला माझं 'न्हाई' परत दे."

डॉक्टरांना सांगितलं. ते चष्मा पुसू लागले. म्हणाले, एक वाट आहे. रोग्याचं डोकं ठिकाणावर नाही, त्याला आपलं हित समजत नाही, असं लिहून घरच्या वडीलधाऱ्या पुरुषाने सही केली, तर त्या सहीवर ऑपरेशन करता येईल. कारखानाही ती सही मान्य करेल. मी म्हटलं, माझी घ्या. म्हणाले, बाईची नको, भावाची आणा. मला वाटतं डॉक्टरांनाही ते सांगताना बरं वाटत नव्हतं, पण त्यांनाही माणूस वाचवायचा आहे.

म्हणून भाऊजी, आता पदर पसरते. वाक्य खाली लिहून देते आहे, तसंच लिहा: "माझा धाकटा भाऊ ज्योतीराम याचे डोके ठिकाणावर नाही. त्याच्या वतीने मी उद्धवराव, थोरला भाऊ, शस्त्रक्रियेस संमती देतो." त्यात राजीनामा हा शब्द कुठेही घालू नका, हात जोडते. लवकर पाठवा. हे दिवसेंदिवस खाटेत लहान होत चालले आहेत.

शालन


पिंपळे सौदागर,
२ ऑगस्ट १९५६

भाऊजी,

तुमचा कागद आला. मला वाटलं नव्हतं इतक्या लवकर येईल. मी जसं सांगितलं तसंच तुम्ही लिहिलंत. खाली चार ओळी वेगळ्या घातल्यात, की लहानपणी हा विहिरीत पडला होता तेव्हा मीच उडी घातली होती, आता लांबून एवढंच करता येतं. त्या ओळी मी ह्यांना वाचून दाखवलेल्या नाहीत. मला वाचवेनात.

कागद चोळीत घालून दवाखान्यात गेले. डॉक्टरांच्या खोलीकडे जायचं, तर वाटेत आधी ह्यांच्याकडे वळले. हे शेजारच्या म्हाताऱ्याशी बोलत होते. त्याचा मुलगा त्याला घरी न्यायला तयार नव्हता. हे त्याला समजावत होते, की पोरावर चिडू नका बाबा, त्याला लहान लेकरं असतील, भ्या वाटत असंल, भ्या वाटणाऱ्याला शिव्या देऊ नाहीत. मग मला म्हणाले, "इंदूला शाळेत घातलीस का? वेळ घालवू नकोस. आन् पाटी दगडी घे, पत्र्याची नको, डोळ्यावर चमकती."

अशा माणसाचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून कागद द्यायचा! त्या सगळ्या इमारतीत एक ह्यांचंच ठिकाणावर होतं. माझं नव्हतं, लक्ष्मणरावांचं नव्हतं, तुमचंही नव्हतं. भाऊजी, मी उठलेच नाही. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तरी बसून होते.

ह्यांनी विचारलं, "दादाचं काही आलं का?"

मी म्हटलं, नाही.

नाव पटावर नव्हतं, खाट तरी किती दिवस मिळणार? इकडे आईकडे घेऊन आले. माझ्या भावांनी मळ्यातली कडब्याची खोली दिली. घरात घेत नाहीत, त्यांनाही मुलंबाळं आहेत. आई भाकरी दगडावर ठेवून लांब उभी राहते. इंदू विहिरीच्या थारोळ्यापाशी, मोटेचं पाणी पडतं तिथे बसून शाळेतले पाढे ओरडून म्हणते आणि हे आतून चुका सांगतात.

कागदाचं मी फक्त आईला सांगितलं. ती म्हणाली, "पोरी, दाव की गं त्यो कागद डाक्टरला. मानूस जगंल."

"न्हाई आये. त्यांना नकोय."

"त्याला नको म्हून तू मरू देनार व्हय? तू बायको हायेस का वैरीन?"

मी कागद ट्रंकेत टाकून कडी लावली. रोज सकाळी उठले की वाटतं, आज नेऊन द्यावा. ह्यांना गाडीत घालावं, बांधून न्यावं, ओरडू दे, शिव्या देऊ दे, पण जगू दे. आणि मग मला ते कुंपण आठवतं, चादर आठवते, आणि कागद पुन्हा ट्रंकेत जातो. एकदा मी ह्यांच्या तोंडून हो काढलं. पुन्हा नाही काढणार. यात मी ह्यांच्यावर माया करते आहे की ह्यांना मारते आहे, हे तुम्हाला कळलं तर मला कळवा.

शालन


पिंपळे सौदागर,
१९ नोव्हेंबर १९५६

भाऊजी,

तार मिळाली असेल. तारेत काय मावतं? म्हणून लिहिते.

दिवाळीनंतर रक्त फार पडायला लागलं. बोलणं खुणांवर आलं. परवाच्या सकाळी मी तोंड पुसत होते, तर ह्यांनी माझं मनगट धरलं. पकड अशी होती की मी दचकले. म्हणाले, "शालन, ने मला. काप म्हणावं. काय कापायचं ते काप म्हणावं. मला जगायचंय."

मी त्यांना विचारलं, खरंच का? माझ्यासाठी म्हणताय का? इंदूसाठी म्हणताय का? ह्यांनी मान हलवली. म्हणाले, "माझ्यासाठी."

कुणी कुंपणाशी उभं नव्हतं. भत्ता नव्हता, नोकरी नव्हती, तुमचा कागदही समोर नव्हता. मी ओरडत मळ्यातून घराकडे धावले. माझ्या भावाने, ज्याने चार महिन्यांत खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता, लगेच बैल जोडले आणि ह्यांना स्वतःच्या हातांनी उचलून गाडीत ठेवलं. नदीला पाणी कमी होतं. पल्याड जाईपर्यंत हे सारखे विचारत होते, आलं का? आलं का? इतके उतावीळ झाले होते, जसे काही जत्रेला निघालेत.

मोठे डॉक्टर स्वतः गाडीपाशी आले. नाडी धरली, छातीला नळी लावली, मग मला बाजूला घेतलं. म्हणाले, आता नाही करता येणार. अंगात काही उरलेलं नाही, टेबलावरच जातील. मी म्हटलं, डॉक्टर, ते हो म्हणताहेत! आपणहून म्हणताहेत! डॉक्टर म्हणाले, "ऐकलं मी, बाई. फार उशीर झाला." आणि मग हळूच म्हणाले, जूनमध्ये ती सही आली असती तर. त्यांना ठाऊक नाही की ती आली होती. मी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण सही तुमची होती आणि तुम्हाला हे ठाऊक असायला हवं. जून-जुलैत तुमचा भाऊ वाचला असता. मी वाचवला नाही.

ह्यांना मी काय सांगितलं विचाराल. सांगितलं, हो म्हणालेत डॉक्टर, तयारी चालली आहे. त्यांना व्हरांड्यात खाट दिली. दुपारी त्यांनी एकदा विचारलं, किती बरगड्या? मी म्हटलं, थोड्याच. ऊन कलायच्या आत गेले. वाट बघत गेले, भाऊजी. ज्याला इतके महिने भीत होते, त्याचीच वाट बघत.

आई आता बोलत नाही माझ्याशी. मी तिला दोष देत नाही. मी बरोबर केलं असं मला कुणी सांगितलं तर मी त्याच्या अंगावर धावून जाईन. चूक केली असं सांगितलं तरी धावून जाईन. ह्यांचं 'नाही' मी जपलं. त्या 'नाही'च्या आत 'हो' वाढत होतं, ते मला दिसलं नाही. दिसतं तरी कुणाला?

तुमचा कागद सोबत परत पाठवते. त्यावर "डोके ठिकाणावर नाही" लिहिलंय, तेवढी ओळ मी खोडली आहे. विहिरीच्या ओळी तशाच ठेवल्या आहेत. दहाव्याला या. आलात तर लोक विचारतील, कळंबपर्यंत वाटेतही कुणी विचारेल, ज्योतीराम असा कसा गेला, ऑपरेशन का नाही केलं. काय हवं ते सांगा. माझ्यावर घाला, मला चालेल. पण ते राजी नव्हते असं मात्र कुणाला सांगू नका. शेवटी ते राजी होते.

शालन